उलगडरिंग

"नो सर. ओन्ली कॉटन, सर," असं नंदिनी अलोणे उभी राहून म्हणाली आणि सगळी बैठक तिच्याकडे वळली. मग साहेब हसले. साहेब हसले म्हणून पुढची रांग हसली, पुढची हसली म्हणून मागची, आणि नेमकं कशाला हसायचं हे कुणालाच धड कळलेलं नसल्यामुळे ते हसू बराच वेळ चाललं. चंद्रपूरच्या त्या कार्यालयात कापसाच्या उताऱ्याचा आढावा चालू होता. डिसेंबरचं दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर आडवं पडलं होतं, आणि आकडेवारीच्या कामात अर्धं आयुष्य काढलेली नंदिनी त्या उन्हात तरंगणाऱ्या धुळीच्या कणांकडे बघत बसली होती. नवे साहेब बाहेरून बदलून आलेले, इंग्रजी सफाईनं बोलणारे, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी मान वर करून एवढंच म्हटलं होतं, "मॅडम, नो वूलगॅदरिंग प्लीज." वूल म्हणजे लोकर, गॅदरिंग म्हणजे गोळा करणं. तिला वाटलं, आपल्या तक्त्यात मेंढ्यांची लोकरही धरली की काय, असं साहेब विचारताहेत. म्हणून ती तत्परतेनं उभी राहिली आणि सांगून मोकळी झाली, की आमच्याकडे फक्त कापूस. खाली बसताना तिचे कान तापले. आता नेहमीसारखी लाज येईल, घरी जाईपर्यंत ती जाणार नाही, असं धरून ती तयारीतच बसली. पण लाज आलीच नाही. त्याऐवजी डोक्यात तो शब्द कुसळासारखा रुतला. लोकर गोळा करू नका, असं आपल्याला का म्हटलं असेल? आपण तर काहीच करत नव्हतो. धूळ बघत होतो.

चहाची सुट्टी झाली तशी ती जिन्याच्या वळणावर गेली आणि मोबाइलवर तो शब्द शोधू लागली. अर्थ लगेच सापडला: दिवास्वप्नात रमणं, मन भलतीकडे भरकटणं. बरं, म्हणजे तेच. हे तर तिला जन्मभर कुणी ना कुणी सांगतच आलं होतं, फक्त मराठीत. शाळेत गुरुजी म्हणायचे, नंदाबाईचं शरीर तेवढं वर्गात आहे. लग्न झाल्यावर सासू म्हणायची, सुनेला तंद्री लागते बाई, गॅसवरचं दूध एकटं सोडू नका. चहात मीठ पडलं होतं, बसचा थांबा मागे गेला होता, एकदा तर स्वतःच्याच घराची बेल वाजवून कुणी दार उघडायची वाट बघत ती किल्ली हातात धरून उभी होती. दिवास्वप्न म्हणे. तिनं बोट फिरवून पान खाली सरकवलं, उगाच, आणि तिथं त्या शब्दाचा जन्म लिहिला होता. इंग्लंडातल्या खेड्यांत मेंढ्यांचे कळप जायचे तेव्हा कुंपणांना, काटेरी झुडपांना घासून त्यांच्या अंगाची लोकर अडकून राहायची. गरिबांच्या बाया, म्हातारे, पोरं ती वेचत फिरायची. एक पुंजका इथं, दुसरा तिथं, तिसरा पार ओढ्यापलीकडे. त्यामुळे वेचणाऱ्याला सरळ वाट अशी नसायचीच. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हे माणूस कुठं निघालंय याचा त्यालाच पत्ता नाही. मग लोक कुणाचं लक्ष नसलं की म्हणू लागले, त्याची बुद्धी लोकर वेचायला गेली. साडेचारशे वर्षं झाली या म्हणण्याला. नंदिनीनं मोबाइल खाली केला आणि भिंतीला हात टेकला. भिंतीचा चुना हाताला लागला, गार. तिच्या डोळ्यांपुढे जिना नव्हताच. माहेरची, कोरपन्याकडची सडक होती, सडकेवर वाकलेल्या बाभळी होत्या, आणि बाभळीच्या काट्याकाट्याला पांढरा कापूस होता.

कापूस भरलेल्या बैलबंड्या आणि ट्रक सरकी काढायला जिनिंगकडे जायचे. माल इतका चढवलेला असायचा की बंडी दिसायची नाही, नुसता एक पांढरा ढिगारा बैलांमागून डुलत चाललेला दिसायचा. बाभळीच्या खालच्या फांद्या त्याला बोचकारायच्या आणि मूठमूठ कापूस ठेवून घ्यायच्या. दिवस कलला की आई पदराचा ओचा करायची आणि तिला घेऊन सडकेवर यायची. सडकेच्या या बाजूनं आई, त्या बाजूनं ती. हात वर करून पुंजका काढायचा, काटा लागला तर बोट तोंडात घालायचं, पुढं जायचं. दोघीही बोलायच्या नाहीत. मैलभर जायचं, मैलभर यायचं. आणि तिकडं, हजारो कोसांवर, कुणी तरी अशीच एक बाई, अशीच तिची पोरगी, थंडीत, लोकर... नंदिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला हसूही येऊ लागलं. जिन्यावरून वर येणारा प्रफुल निमसरकार, शेजारच्या टेबलावरचा, तिच्याकडे बघून थबकला.

"मॅडम, साहेबाचं मनावर घेऊ नका."

"प्रफुलभाऊ, तो शब्द कुठून आला माहीत आहे का तुमाले?"

"कोनता? वुलन का काय म्हनले तो? मले वाटलं तुमच्या स्वेटरबद्दल बोलून राह्यले."

तिनं त्याला सांगितलं. सांगताना तिचे हात हवेत पुंजके काढत होते. प्रफुलनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "म्हनजे शेवटी शिवीच आहे का नाई?"

"शिवी नाई हो! कामाचं नाव आहे. माझ्या आईच्या कामाचं नाव आहे ते!"

हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की खालच्या मजल्यावरचा शिपाई वर बघू लागला. प्रफुलला पटलं नसावं, पण तो भला माणूस, म्हणाला, "मंग आईले सांगा ना." तो सहज बोलून गेला, पण नंदिनीला वाटलं, अरे, खरंच की. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. फोनवर आई आधी जेवली का विचारणार, मग पोरांचं विचारणार, मग भाऊ फोन घेणार. तिनं उरलेल्या दिवसाची रजा टाकली, पिशवी उचलली आणि बसस्थानकाच्या वाटेवर कुलदीपला, नवऱ्याला, फोन लावला. "मी कोरपन्याले चालली, उद्या येतो."

"काऊन? आईले काई झालं का?"

"नाई, आई चांगली आहे. एक शब्द सापडला."

मग कुलदीप जपून म्हणाला, "शब्द? कोनी दिला?"

ती भर रस्त्यात हसत सुटली. कुणी दिला! साहेबानं दिला, साहेबाला इंग्रजांनी दिला, इंग्रजांना त्यांच्या वेचणाऱ्या बायांनी दिला. "आल्यावर सांगतो," ती म्हणाली आणि पहिल्या दिसलेल्या बसमध्ये चढली. बस राजुऱ्यावरून जाणारी होती. खिडकीची जागा मिळाली. बल्लारपूर मागे पडलं, वर्धा नदीचा पूल आला, पाणी खाली गेलेलं, मधल्या वाळूवर कुणी तरी वांग्यांचं वावर केलेलं. एरवी ती अशा वेळी कुठल्या कुठे गेली असती. आज मात्र ती स्वतःच्या मनावर नजर ठेवून बसली होती, कुंपणाआडून चोर बघावा तशी. आता कुठं चाललं हे? हां, त्या वाळूतल्या बाईकडे. तिथून एक पुंजका घेतला. आता? आता पलीकडच्या विटाभट्टीच्या धुराकडे. तिथला घेतला. म्हणजे आपलं मन रिकामं फिरत नव्हतं तर, काही तरी ओच्यात टाकत होतं. मग इतकी वर्षं जो ओचा भरत आला त्यात आहे तरी काय? हे तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. विचारायचे ते एवढंच, लक्ष कुठे आहे. आणि हा शब्द चेष्टेचा केला कुणी असेल? वेचणारीनं नक्कीच नाही. ज्याच्या अंगावर आयती लोकर होती, घोड्यावर बसून जो लांबून बघत होता, त्यानं केला असणार. हा विचार तिला इतका झणझणीत वाटला की शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला तो सांगावासा वाटला. पण म्हातारा राजुऱ्याला उतरून गेला.

खरं तर आईच्या वेचण्याची गोष्ट तिला नवीन नव्हती. ही गोष्ट ती सांगतच आली होती. दरवर्षी चौदा एप्रिलला वस्तीतल्या विहारापुढं मंडप पडायचा आणि भाषणांच्या यादीत तिचं नाव असायचं. ती माइकपुढं उभी राहून सांगायची, "माझी आई कांताबाई. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची आणि संध्याकाळी घरी येऊन टेकायचंही सोडून आम्हा लेकरांसाठी सडकेवरच्या काट्यांतला कापूस वेचायची. त्या रक्ताळलेल्या बोटांनी मला शिकवलं." इथं ती थांबायची. थांबली की टाळ्या यायच्या. बाया डोळ्यांना पदर लावायच्या. तिलाही दरवेळी खरोखरच गहिवर यायचा, आणि त्या गहिवरात एक भीतीही असायची, की आपण एवढ्या बोटांच्या रक्ताला पुरलो का? एका चिकाटीच्या बाईच्या पोटी अशी धांदरट, स्वप्नाळू पोरगी कशी निपजली? आई सडकेवर चालायची ती गप्प. दमून गेलेली, दुःखानं ओठ मिटलेले. आणि आपण मात्र त्या बाजूनं चालताना ढगांची जनावरं करत होतो, काट्याऐवजी पानालाच हात घालत होतो, आपला ओचा कधी अर्धाही भरायचा नाही. आज त्या शब्दानं दोघींना एका दावणीला आणून बांधलं होतं. आईचं काम आणि लेकीची खोड, दोन्हींचं नाव एक! गडचांदूर आलं. सिमेंटची धूळ बसून झाडं राखाडी झाली होती, आणि त्या राखाडीवर अधूनमधून एखादा कापसाचा ठिपका दिसला की ती खिडकीच्या गजांना धरून उठायची, जणू तिथं तिची कुणी ओळखीची उभी होती.

ती गावच्या फाट्यावर उतरली तेव्हा अजून उजेड होता. भाऊ-भावजय वावरातून यायचे होते. आई अंगणात चटई टाकून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सत्तरीच्या पुढची, सुकलेली पण ताठ बाई, डोळ्यांवर सरकारी शिबिरातला चष्मा. लेकीला अवेळी आलेलं बघून तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"काऊन व, नंदा? कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं, आई. तुले एक सांगाले आली."

"फोन बिघडला का तुझा?"

नंदिनी पिशवी न ठेवताच चटईवर बसली. आणि जे बसभर मनात मांडून ठेवलं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं, साहेब, खिडकीतली धूळ, ओन्ली कॉटन, इंग्लंडातल्या मेंढ्या, कुंपणं, पुंजके, बुद्धी लोकर वेचायला गेली. आईनं शेंगा बाजूला केल्या. साहेबाच्या भागाला ती खुदकन हसली. मेंढ्यांच्या भागाला तिनं मान डोलावली, तिला त्यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही. जिथं कळप आहे आणि काटे आहेत तिथं असं होणारच. "काय म्हनतेत त्याले?" तिनं विचारलं.

"वूलगॅदरिंग."

आईनं तोंडातल्या तोंडात ते घोळवून बघितलं. पुढचे दात नव्हते. "उलगडरिंग," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा गोडीनं, "उलगडरिंग. चांगला आहे शब्द. आपलाच वाटते."

नंदिनीला इतका आनंद झाला की तिनं आईचा हात धरला. तळहातावरच्या रेषा कापसाच्या बोंडांनी कधीच पुसून टाकल्या होत्या. "हो ना, आई? तू आमच्यासाठी कापूस वेचत होती, अन् मी डोक्शात हवा घेऊन हिंडत होती, अन् पाह्य बरं, दोघींच्या कामाले एकच नाव निघालं!"

आईनं हात सोडवून घेतला नाही, पण तिची नजर बदलली. ती चष्म्याच्या वरून लेकीकडे बघू लागली, ज्या नजरेनं ती भाजीवालीच्या तराजूकडे बघायची. "तुमच्यासाठी?" ती म्हणाली.

"नाई त काय? दिवसभर लोकाईचा कापूस वेचून, मंग संध्याकाळी..."

"अव पोट्टे, दिवसभर कापूस वेचल्यावर बोटं फाटून जात. कंबर मोडून जाय. अजून कापसाची हौस राहते का कोनाले?"

अंगणात दोन कोंबड्या होत्या, त्या शेंगांकडे सरकत होत्या. आईनं त्यांना हाकललं. इतकी सरळ गोष्ट. नंदिनीला ती इतक्या वर्षांत एकदाही सुचली नव्हती, माइकपुढं नाही, गहिवरात नाही, बसमध्ये नाही.

"मंग काऊन जात होती?" तिनं शेवटी विचारलं.

"फिराले." आई म्हणाली. आणि मग जसं एखादं गाठोडं सैल होताना एकदम सुटतं तशी बोलत गेली. "एक खोली. त्यात सासू, तुझे बाबा, तुम्ही दोघं, वरून शेरडी. डोक्शात काई याले जागा नोती. रिकामी फिराले जातो म्हनली असती त सासूनं तंगडी मोडली असती. पन कापूस वेचाले जातो म्हनलं का कोनी अडवे नाई. उलटं म्हनत, जा, जा, गादीले होईन. गादी कधी झाली का आपल्या घरी? आठव."

नंदिनीनं आठवलं. गादी नव्हती. गोधड्या होत्या.

"परत येतानी मी निम्मा कापूस नाल्यात टाकून देओ. ओझं कोन वागवे? वरवर दिसाले थोडा ठेवो."

"अन् मी भाषणात..."

"ते आयकलं मी. दोन खेप आयकलं." आईच्या ओठांच्या कडा थरथरत होत्या, आणि ते हसू होतं. "लोक टाळ्या वाजवून राह्यले होते. तू रडून राह्यली होती. मी म्हनलं, कशाले मधात बोला? लय मोठी बाई करून ठेवलं होतं मले."

झोपेत पाय पायरीवरून निसटावा तसं नंदिनीला झालं. रक्ताळलेली बोटं, मिटलेले ओठ, ते सगळं इतकं पक्कं बांधलेलं होतं की त्याच्यावर तिची नोकरी उभी होती, घर उभं होतं, चांगलं वागायचा धाक उभा होता. आता त्याच्या जागी एक तरुण बाई सडकेनं चाललेली दिसत होती, पदरात दाखवण्यापुरता कापूस, चालणं हलकं. आणि ती दमलेली नव्हती. ती तिथं नव्हतीच. पण ही निसटण्याची भावना फार टिकली नाही. तिच्यामागून, नाल्याला पाणी यावं तशी, दुसरी एक आली, आणि नंदिनीला कळेना की आपल्याला इतकं हलकं का वाटतंय. म्हणजे ही खोड आपल्याला कुठून आली हे कोडं नव्हतंच. दोघी रोज मैलभर सडकेच्या दोन्ही बाजूंनी, एकमेकींना न सांगता... "मंग मले काऊन नेत होती संगं?" तिचा आवाज तिलाच लहान वाटला.

"तू बोलत नोती म्हनून. तुझा भाऊ लय सवाल करे. हे काय, ते काय. तू आपली चालत राहे तुझ्या नादात. तुझ्यासंगं एकटं राहता येत होतं."

तुझ्यासंगं एकटं. नंदिनी ते दोन शब्द मनात धरून बसली. भाऊ-भावजय आले, विचारपूस झाली, चुलीवर भात चढला, तुरीच्या दाण्यांची आमटी झाली. ती हसली, बोलली, पण आतून तिला एकच प्रश्न विचारायचा होता आणि तो सगळ्यांदेखत विचारायचा नव्हता. भावजय भांडी घेऊन बाहेर गेली तशी ती चुलीजवळ सरकली. "आई, सडकेवर चालतानी तू कशाचा विचार करत होती?"

आई निखारे मागे ओढत होती. जाळाच्या उजेडात तिचा चेहरा लाजल्यासारखा झाला, आणि नंदिनीनं आईला लाजताना कधी पाहिलं नव्हतं. "हासशीन," ती म्हणाली.

"नाई हासत."

"ट्रक."

"कोनता ट्रक?"

"कापसाचा. मी चालवून राह्यली आहे, असं." आईनं चिमटा खाली ठेवला आणि दोन्ही हात हवेत पुढं धरले, एक जरा वर, एक जरा खाली. "सडकेनं मांगून ट्रक आला का मी बाजूले होओ. तो पुढं गेला का मी त्याच्यात बसो. मंग वणी, मंग नागपूर. नागपूरच्या पुढं मले गावं माहीत नोती, त मी मनानंच नावं ठेवो. कापूस जिथवर जाते तिथवर जावाचं. एखाद्या दिवशी लय लांब जाओ, अन् वापस येतानी तुले पाहून वाटे, अरे, हे पोट्टी कोनाची?"

नंदिनी हसली नाही. तिला गदगदून आलं, पण मंडपातल्यासारखं नाही. हे अंगात मुंग्या आणणारं होतं, परीक्षेचा निकाल आपल्या बाजूनं लागल्यासारखं. "कोनाले सांगितलं नाई?"

"काय सांगू? बाईनं ट्रक चालवाचा, हे सांगाची गोष्ट आहे का? अन् कोनी विचारलंच नाई, व माय. तुनंच आता विचारलं."

सकाळी चहा झाल्यावर नंदिनी म्हणाली, चल, सडकेनं जाऊन येऊ. आईनं चपला घातल्या. हवेत गारवा होता, वावरांवर धुकं अजून बसलेलं. सडक आता रुंद झाली होती, बऱ्याच बाभळी गेल्या होत्या, उरलेल्या होत्या त्यांच्यावर कापूस थोडाच होता, कारण गाड्यांवर आता जाळ्या बांधतात. नंदिनीनं एका फांदीवरचा पुंजका काढला आणि आईला दाखवला. आईनं त्याच्याकडे धड बघितलंही नाही. तिचं लक्ष पुढं होतं. गावाबाहेरच्या जिनिंगच्या फाटकापासून गाड्यांची रांग लागलेली होती, ट्रॅक्टर, मेटाडोर आणि मधे मधे ट्रक, सगळ्यांवर पांढरे डोंगर. चालक लोक शेकोटीशी चहा पीत उभे. आई पावलं उचलत रांगेच्या कडेकडेनं चालली. एका ट्रकपाशी ती थांबली आणि तिनं चाकावर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. ट्रकचा चालक, पवन नावाचा जिवतीकडचा तरणा माणूस, ग्लास हातात घेऊन आला. "काय पायजे, आजी?"

नंदिनीच पुढं झाली. काल बैठकीत जितक्या घाईनं उभी राहिली होती त्याहून घाईनं ती बोलली, "भाऊ, आमच्या आईले ड्रायव्हरच्या जागेवर बसाचं आहे. गाडी चालवाची नाई. नुसतं बसाचं."

पवननं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. त्यानं काऊन विचारलं नाही. रांग दुपारपर्यंत हलणार नव्हती. त्यानं दार उघडलं, पायरीवरचा चिखल टाचेनं खरवडला आणि म्हणाला, "पन चढता येईन का?"

"आयुष्यभर मीच चढून राह्यली," आई म्हणाली. या बोलण्याचा अर्थ त्याला कळला नाही. तिनं नऊवारीचा काष्टा खोचला, दांडीला धरलं, एक पाय पायरीवर ठेवला. नंदिनीनं खालून आधार द्यायला हात पुढं केले, पण ते लागले नाहीत. आई वर गेली, बसली, सरकली. समोरच्या काचेतून रांग दिसत होती आणि रांगेपलीकडे सडक, धुक्यात शिरणारी. तिनं चष्मा पुसून परत घातला. मग दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, एक जरा वर, एक जरा खाली. बराच वेळ ती तशीच बसली. तिचा चेहरा शांत झाला, मग दूरचा झाला, आणि नंदिनीला कळलं की आता आई इथं नाही. वणी मागे पडलंय, कदाचित नागपूरही. तिनं हाक मारली नाही. पवन काही बोलणार होता, त्यालाही तिनं हातानं थांबवलं. आईनं अंगठा मधल्या गोल बटणावर नेला आणि दाबला. भोंगा एवढ्या मोठ्यानं वाजला की शेकोटीवरचे लोक दचकले, बाभळीवरून साळुंक्या उठल्या, पुढच्या मेटाडोरवाल्यानं मान बाहेर काढून पाहिलं आणि काय समजला कुणास ठाऊक, त्यानंही वाजवला, त्याच्या पुढच्यानंही. रांगभर भोंगे वाजत गेले. आई काचेतून बघत हसत होती, बिनदातांचं, उघडं, पंचविशीतल्या बाईचं हसू. मग तिनं खाली बघितलं. लेक सडकेवरच उभी होती.

"उभी काऊन आहे व?" शेजारच्या सीटवर थाप मारत आई ओरडली. "तिकडून चढ."

नंदिनी ट्रकच्या नाकासमोरून पळतच पलीकडे गेली.